तांब्याच्या वायसरखालचा मासा

मे महिना आला की गोव्यात डिचोलीतल्या आमच्या झरीवर आजी पायऱ्या मोजायची. चार उघड्या पडल्या की म्हणायची, "यंदा पाणी जपून गो." अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात एका माशाचा जीव असाच मोजमापावर टांगलेला आहे. तिथे पायऱ्या नाहीत, पाणी किती खाली गेलं ते मोजायला कातळात ठोकलेला तांब्याचा वायसर (वॉशर) आहे.

जागेचं नाव डेव्हिल्स होल. चुनखडीच्या डोंगरात एक चीर आणि तिच्या पोटात कोमट पाण्याचं कुंड. पाणबुडे 130 मीटरच्या खाली जाऊन आले, तळ लागला नाही. पाणी बारमाही 33 अंशांच्या आसपास, त्यात प्राणवायू जेमतेम. इथला तो मासा म्हणजे पपफिश, इंचभर लांब, पोटाखालचे पर नसलेला. आपल्याकडे डासांच्या अळ्या खायला विहिरीत सोडतात त्या गप्पीएवढाच. निसर्गात तो दुसरीकडे कुठेच नाही. कुंड एवढं खोल, पण याचं शेवाळ खाणं नि अंडी घालणं चालतं ते मुख्यतः काठालगत बुडालेल्या, एका खोलीएवढ्या कातळावर.

वायसर 1962 मध्ये बसवला. 1968 पर्यंत पाणी त्याच्या 1.2 फूट खाली असे. मग जवळच्या शेतांवर पंप सुरू झाले. 1970 मध्ये 3.17 फूट, 1972 मध्ये 3.93. तीन फुटांच्या खाली गेलं की कातळ उघडा पडू लागतो. भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1976 मध्ये उपशावर मर्यादा कायम झाली. जमिनीवर कुंपण घालता येतं, खालचं पाणी मात्र सगळ्यांचं एकच; पंप शेतात होते, पाणी उतरलं कुंडात.

हे वाचताना मला आमच्या खाणी आठवतात. खड्डा भूजलाच्या खाली गेला की पाणी रात्रंदिवस उपसून टाकावं लागतं. आजीच्या पायऱ्या कोणत्याच दाव्यात पुरावा झाल्या नाहीत.

पाणी राखलं तरी माशाचं भागलेलं नाही. 2013 मध्ये फक्त 35 मासे मोजले गेले. 2024 च्या वसंतात 191 झाले. मग भूकंप झाले. धक्का लांबचा असला तरी या कुंडात लाटा उसळतात आणि कातळावरचं शेवाळ, अंडी धुऊन नेतात. 2025 च्या वसंतात उरले 38. आता त्यांना वरून खाणं टाकतात, आणि टाकीत वाढवलेले थोडे मासे आणून कुंडात सोडलेत.