मामा, पॅड कुठले टाकू?

दिवाळीच्या सुट्टीत भाचा घरी आला तो मोबाईलवर फोटो उघडूनच. लाल रंगाचं कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा), भोकं पाडलेली डिस्क आणि खोक्यावर ज्वाळांचं चित्र. "मामा, पुढचे ब्रेक पॅड संपत आलेत. हे परफॉर्मन्सवाले टाकू का? गाडी जागच्या जागी थांबते म्हणे!" गाडी म्हणजे त्याची पाच वर्षांची हॅचबॅक. रोज नाशिकात पाथर्डी फाटा ते सातपूर, आणि महिन्यातून दोनदा ठाणे. म्हणजे कसारा घाट आलाच.

त्याला म्हटलं, आधी ते 'जागच्या जागी' सोडून दे. पॅड फक्त चाकाला थांबवतात, गाडीला थांबवतो तो टायर. कोरड्या डांबरी रस्त्यावर टायरचा घर्षण गुणांक, म्हणजे तो रस्ता किती धरतो त्याचा आकडा, 0.8 धरला, तर ताशी 100 किमी वेगातली गाडी थांबायला सुमारे 49 मीटर लागतात. पावसात तोच 0.5 वर आला, की 79 मीटर. या गणितात पॅड कुठेच येत नाहीत. एप्रिल 2019 पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला एबीएस, म्हणजे जोराच्या ब्रेकला चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं आहे. जोरात ब्रेक दाबल्यावर पायाखाली जी थरथर लागते, तिचा अर्थ पॅडनी आपलं काम पूर्ण केलंय आणि टायर मात्र रस्त्यावरून सुटायला लागलाय. ही थरथर कंपनीच्या साध्या पॅडवरही येते. जास्त धरणारे पॅड टाकले, तर पेडल थोडं हलकं दाबून ती येईल, एवढंच. गाडी एक फूटही अलीकडे थांबायची नाही. "त्यापेक्षा ते पैसे टायरला घाल," म्हटल्यावर भाच्याचं तोंड उतरलं.

"मग घाटात वास कसला येतो?" त्याने विचारलं.

हा प्रश्न मात्र बरोबर होता. पॅडची खरी परीक्षा थांबण्यात नाही, तापण्यात आहे. ब्रेक म्हणजे वेगाची उष्णता करणारं यंत्र. ताशी 100 किमीने धावणाऱ्या 1200 किलोच्या गाडीत सुमारे 4 लाख 60 हजार ज्यूल गतिज ऊर्जा असते. खोलीच्या तापमानाचं दीड लिटर पाणी उकळीला आणायला एवढीच लागते. चहाचं पातेलं शेगडीवर बराच वेळ घेतं, ब्रेकला हे काम साडेतीन सेकंदांत उरकायचं असतं. त्यातली साधारण 70 टक्के ऊर्जा पुढच्या चाकांवर जाते, कारण ब्रेक दाबला की गाडीचं वजन नाकावर येतं. पुढच्या दोन डिस्कचं मिळून 10 किलो बीड (ओतीव लोखंड) धरलं, तर एका थांबण्यात ते 70 अंशांनी तापतं.

आता घाट घ्या. इगतपुरीहून कसाऱ्याला उतरताना आपण सुमारे 300 मीटर खाली येतो. 1200 किलो तेवढे खाली आणायचे म्हणजे 35 लाख ज्यूल कुठेतरी जिरवायचे. ताशी 100 वरून साडेसात वेळा करकचून थांबल्याइतकं काम झालं हे, आणि तेही वेग फारसा न वाढवता. हे सगळं ब्रेकनेच केलं आणि मध्ये वारा लागला नाही असं धरलं, तर पुढच्या डिस्क 500 अंशांच्या वर जातील. प्रत्यक्षात वारा लागतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ठेवलं तर इंजिन मोठा वाटा उचलतं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये घाट उतरणारे लोक अजून आहेत. इंजेक्शनच्या गाडीत उतारावर गिअरमध्ये राहून अॅक्सिलरेटर सोडला, की इंजिनाचं पेट्रोल बंदच होतं. न्यूट्रलमध्येच उलट ते आयडलवर जळत राहतं. म्हणजे पेट्रोलही जातं आणि पॅडही.

वास त्या पॅडच्या आतल्या रेझिनचा. पॅड म्हणजे एकसंध वस्तू नव्हे. तंतू, धातूचा कीस, ग्रॅफाइट, घासणारी कणदार पूड, भरणा असे दहा-पंधरा किंवा त्याहून जास्त घटक फिनॉलिक रेझिनने घट्ट बांधून, दाबून, भाजून तो होतो. गेल्या शतकाच्या सुरुवातीला जे बेकेलाइट नावाचं प्लास्टिक निघालं, त्याच्याच घराण्यातलं हे रेझिन. 300 ते 400 अंशांच्या आसपास ते विघटित व्हायला लागतं, त्यातून वायू सुटतात आणि पॅड व डिस्क यांच्यामध्ये एक पातळ गादी तयार होते. पाय जोर लावतोय, पेडल दगडासारखं घट्ट आहे, आणि गाडीचा वेग मात्र ओसरत नाही. याला फेड म्हणतात. कोरे पॅड पहिल्यांदा तापतात तेव्हा तो हमखास जास्त असतो, म्हणून नवे पॅड टाकून थेट घाटात जाऊ नये.

ब्रेकच्या अस्तराचा शोधही असाच एका उताराने लावला. 1888 च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन त्याचीच मोटार मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत घेऊन गेल्या. वाटेत लाकडी ब्रेक झिजायला लागले, तेव्हा त्यांनी चर्मकाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. पुढे 1897 मध्ये इंग्लंडात हर्बर्ट फ्रूडने ब्रेकच्या अस्तराचा धंदाच उभा केला. आडनावाच्या अक्षरांत बायको एलिझाबेथचा 'ई' मिसळून त्याने फेरोडो हे नाव केलं, असं सांगतात. 1908 पासून त्यात अॅस्बेस्टॉस आलं. ते जळत नाही, झिजतही कमी, पण धूळ फुप्फुसात गेली की कर्करोग. म्हणून आजही कुणी जुन्या गाडीचा ब्रेक ड्रम उघडून फुंकर मारून लायनर (आतलं अस्तर) साफ करत असेल, तर लांब उभं राहावं. ओल्या फडक्याने पुसायला सांगावं.

अॅस्बेस्टॉस गेलं आणि त्याच्या जागी आजच्या जाती आल्या. ऑरगॅनिक पॅड मऊ, शांत, डिस्कला सांभाळून घेणारे, पण उष्णतेला कच्चे. सेमी-मेटॅलिकमध्ये लोखंडाचा कीस भरपूर, त्यामुळे ते उष्णता खातात, पण कुरकुरतात, डिस्क झिजवतात आणि अलॉय व्हील काळं करतात. सिरॅमिक या दोन्हींच्या मधले: धूळ फिकट, आवाज कमी, किंमत जास्त. त्यातलं तांबं मात्र अडचणीचं. झिजलेल्या पॅडमधून ते पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यांत जातं आणि माशांना बाधतं. कॅलिफोर्नियाने 2010 मध्ये कायदा केला: पॅडमधलं तांबं 2021 पासून 5 टक्क्यांहून कमी, 2025 पासून अर्ध्या टक्क्याहून कमी. आपल्याकडे द्वारका चौकातली गर्दी रोज जे ब्रेक झिजवते, ती धूळ पहिल्या पावसात कुठे जाते हे गोदाकाठच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

आता ज्वाळांच्या चित्रवाल्या पॅडकडे वळू. 'परफॉर्मन्स' हा शब्द फसवा आहे. लोकांना वाटतं जास्त घर्षण. खरा फरक तापमानाच्या पट्ट्याचा असतो. रोजच्या पॅडचा पट्टा थंडीपासून साधारण 350 अंशांपर्यंत, रस्त्यावरच्या स्पोर्ट पॅडचा 500 च्या आसपास, आणि रेसिंगच्या पॅडचा त्याही वर. पण वरचं टोक उचललं की बहुतेक वेळा खालचंही उचललं जातं. बऱ्याच रेसिंग पॅडना नीट धरायला आधी दीडशे-दोनशे अंश लागतात. जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहावर आलेला असतो, तेव्हा सकाळी सातला गंगापूर रोडवर शाळेची रिक्षा अचानक आडवी आली, तर त्या क्षणी पॅड थंडच असणार. ट्रॅकवर ड्रायव्हर आधी एक फेरी मारून ब्रेक तापवतो. तशी फेरी मारायला शाळेची रिक्षा थांबत नाही.

पॅडच्या कडेला किंवा पाठीवर छापलेल्या अक्षरांत एक खूण सापडते. शेवटची दोन इंग्रजी अक्षरं पाहा: ईई, एफएफ, जीएफ अशी काहीतरी. पहिलं अक्षर साधारण तापमानातल्या घर्षणाचं, दुसरं तापलेल्या अवस्थेतलं. ई म्हणजे गुणांक 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55. एफई असेल तर तो पॅड तापल्यावर ढिला पडतो, एवढं कळतं. पण ही चाचणी इंचभर तुकड्यावर होते, पूर्ण गाडीवर नाही, तेव्हा दोन एफएफ पॅड रस्त्यावर सारखे वागतील असं समजू नये. त्यापेक्षा गोलात इंग्रजी 'ई' आणि आर90 चा क्रमांक असलेला पॅड मला जास्त भरवशाचा वाटतो. त्या युरोपीय नियमानुसार बदली पॅडचं घर्षण मूळ पॅडच्या 15 टक्के आत-बाहेरच असावं लागतं. गाडीच्या पुढच्या-मागच्या ब्रेकचा समतोल कारखान्यात ठरलेला असतो. कुठेतरी मागेच जास्त धरणारा माल बसवला, तर आधी मागची चाकं सुटतात आणि गाडी गिरकी घेते.

हे मी पुस्तकातून नाही, खिशातून शिकलो. काही वर्षांपूर्वी मीही असेच ज्वाळावाले पॅड टाकले होते. दुकानदाराने "शेठ, ट्रॅकवरचा माल आहे" म्हणून दिले. मुंबई नाक्याच्या सिग्नलला थांबताना फळ्यावर खडू करकरावा तसा आवाज, आणि पहिल्या दोन-तीन ब्रेकना गाडी पुढे सरकायची. वर्षभरात डिस्कवर बोटाला लागेल एवढी कड आली. सातपूरच्या मिस्तरींनी ती पाहून नुसतं "हं" केलं आणि डिस्कसकट सगळं बदललं.

त्याच मिस्तरींकडे भाच्याला नेलं. त्यांनी पॅडला हातही लावला नाही, आधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची टाकी पाहिली. आतलं द्रव कोऱ्या चहाच्या रंगाचं. आपण त्याला ऑइल म्हणतो, पण ते तेल नव्हेच. ग्लायकॉल इथरच्या जातीचं हे द्रव हवेतली ओल शोषतं, आणि इगतपुरीच्या बाजूला वर्षातले चार महिने ओलीला तोटा नसतो. डॉट 4 प्रतीचं कोरं द्रव किमान 230 अंशांना उकळायला हवं. त्यात 3.7 टक्के पाणी शिरलं, की ही किमान मर्यादा 155 वर येते. डॉट 3 चे आकडे 205 आणि 140. कॅलिपर तापलेलं, त्यात पाणी मुरलेलं द्रव, आणि मग आत वाफेचे बुडबुडे. द्रव दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल थेट तळाला टेकतं.

पॅड तापल्याने आलेला फेड आणि हा प्रकार पायाला वेगळा कळतो. पहिल्यात पेडल घट्ट राहतं, दुसऱ्यात ते लोण्यासारखं खाली जातं. पहिल्यात निदान थोडा ब्रेक उरतो. दुसऱ्यात गिअर खाली ओढणं आणि हँडब्रेक सावकाश खेचणं एवढंच हातात राहतं.

"हे शेवटचं कधी बदललं?" मिस्तरींनी विचारलं. भाचा गप्प. पाच वर्षांत कधीच नाही. दोन वर्षांनी बदलायचं असतं, हे त्याच्या गाडीच्या पुस्तकातही होतं, पण ते अजून प्लास्टिकच्या पिशवीत होतं.

शेवटी असं ठरलं: सगळं जुनं द्रव काढून नवं डॉट 4, गाडीच्या कंपनीचेच पॅड, आणि कॅलिपरच्या पिना साफ करून ग्रीस. लाल रंग लावायचाच असेल तर उष्णता सोसणारा लाव, त्याला माझी हरकत नव्हती. भोकांची डिस्क मी नको म्हटली. पूर्वीच्या पॅडमधून वायू फार सुटायचा, तो जायला ती भोकं कामाची होती. आज त्यांनी डिस्कचा धातू कमी होतो आणि भोकांच्या कडांना तडे जायचा धोका वाढतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे गंगापूर धरणाच्या बाजूला रिकाम्या रस्त्यावर नवे पॅड डिस्कवर रुळवायला गेलो. आरशात मागे कुणी नाही हे पाहून 60 वरून 20 पर्यंत मध्यम दाबाने ब्रेक, पूर्ण न थांबता, दहा वेळा. पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा पसरावा म्हणून हे करायचं. तापलेले पॅड एकाच जागी दाबून धरले की तिथे डाग उमटतो आणि मग स्टिअरिंग थरथरतं. लोक म्हणतात "डिस्क वाकली", पण बऱ्याचदा वाकलेलं काहीच नसतं, थरच कमी-जास्त झालेला असतो.

आठव्या वेळी तो वास आला. भाच्याने खिडकी खाली केली आणि म्हणाला, "मामा, घाटातला."