आधी चिप, मग रेबीजची लस: पिल्लाला युरोपात न्यायचं असेल तर

पुण्या-मुंबईत घरी कुत्र्याचं किंवा मांजराचं पिल्लू आलं की पहिले काही महिने जंताचं औषध, लसींच्या तारखा आणि चावलेल्या चपला यांतच जातात. मायक्रोचिपचा विषय निघतो तो बऱ्याचदा दोन-तीन वर्षांनी, घरातल्या कुणाला जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये नोकरी लागल्यावर. तोवर रेबीजच्या लसी वेळच्या वेळी झालेल्या असतात, पण युरोपीय संघाच्या हिशेबात त्यांतली एकही धरली जात नाही. चिप नसताना टोचलेली लस नेमकी याच प्राण्याला टोचली, हे कागदावर सिद्ध करता येत नाही. मग चिप बसवून लस पुन्हा द्यावी लागते आणि सगळी मोजणी नव्याने सुरू होते.

म्हणून परदेशी जायची थोडी जरी शक्यता असली, तरी रेबीजच्या पहिल्या लसीच्या दिवशीच डॉक्टरांना सांगा: आधी चिप, मग लस. दोन्ही एकाच दिवशी चालतं. लसीची तारीख चिपच्या आधीची नसली म्हणजे झालं.

चिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी काचेची कुपी. ती जाड सुईने खांद्यांच्या मध्ये कातडीखाली सोडतात. भूल लागत नाही. तिच्यात बॅटरी नसते आणि ती जीपीएसही नाही, त्यामुळे हरवलेलं मांजर मोबाइलवर दिसेल ही अपेक्षा सोडून द्या. स्कॅनर जवळ नेला की १५ आकडी क्रमांक उमटतो, एवढंच तिचं काम. हा क्रमांक आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांत बसणारा हवा. पहिले तीन आकडे ३५६ असतील तर तो भारताचा संकेतांक. ९ ने सुरुवात होत असेल तर बहुधा उत्पादकाचा. दोन्ही चालतात. मानकाबाहेरची जुनी चिप असेल तर ती वाचणारा स्कॅनर स्वतः सोबत न्यावा लागतो, त्यापेक्षा नवी चिप बसवलेली परवडते.

चिप बसवण्याआधी आणि बसवल्यावर, दोन्ही वेळा स्कॅन करून घ्या. क्रमांकाचा स्टिकर लसीकरणाच्या पुस्तिकेत लागतोच. राहून जाते ती चिप बसवल्याची तारीख आणि तिच्यावरची डॉक्टरांची सही-शिक्का. तारखेशिवाय नुसता स्टिकर काही सिद्ध करत नाही, म्हणून दवाखान्यातून निघण्यापूर्वी तेवढं पान उघडून बघा.

आता मोजणी. लसीच्या दिवशी पिल्लू किमान १२ आठवड्यांचं हवं. रेबीजच्या बाबतीत युरोपीय संघाने सवलत दिलेल्या देशांच्या यादीत भारत नाही, त्यामुळे रक्ततपासणी चुकत नाही. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घेऊन ते संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत पाठवतात. प्रतिपिंडांचं प्रमाण मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून जास्त यायला हवं. त्यानंतर तीन महिने थांबायचं. हे तीन महिने रक्त घेतल्याच्या तारखेपासून मोजतात, अहवाल हातात आल्यापासून नव्हे. सगळं वेळेत झालं तरी विमानात बसेपर्यंत पिल्लू जवळपास सात महिन्यांचं होतं. मोठ्या कुत्र्याची चिप राहिली असेल तर त्यालाही साधारण चार महिने लागतात. कंपनीने जॉइनिंगला दिलेल्या मुदतीत ते बसणं कठीणच. यातली एक गोष्ट मात्र चांगली: पुढचे बूस्टर मुदत संपण्याआधी देत राहिलात, तर ही तपासणी पुन्हा करावी लागत नाही. एक बूस्टर लांबला की तपासणी आणि तीन महिने, दोन्ही परत.

हे नियम विक्रीसाठी नसलेल्या, घरच्या प्राण्यांना लागू आहेत. एका प्रवासात जास्तीत जास्त पाच प्राणी नेता येतात. मालक किंवा त्याने लेखी अधिकार दिलेली व्यक्ती प्राण्याच्या आधी किंवा नंतर पाच दिवसांच्या आत प्रवास करणारी हवी, आणि हस्तांतराचा हेतू नाही असं प्रतिज्ञापत्र सोबत लागतं.

शेवटचा टप्पा सरकारी. केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याची अ‍ॅनिमल क्वारंटाइन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिस हे काम बघते. तिचं एक केंद्र मुंबईत आहे. पासपोर्ट, तिकीट, लसीकरणाची पुस्तिका, चिपची नोंद आणि रक्ततपासणीचा मूळ अहवाल घेऊन प्राण्यासह जायचं. युरोपीय नमुन्यातलं आरोग्य प्रमाणपत्र सरकारी पशुवैद्यकाचंच लागतं आणि ते दिल्यापासून १० दिवसांच्या आत युरोपात पोहोचावं लागतं. त्यामुळे ते फार आधी काढून ठेवण्यात अर्थ नाही. कचेरीत जाण्यापूर्वी घरी बसून प्रत्येक कागदावरचा १५ आकडी क्रमांक बोट ठेवून ताडून घ्या. एक आकडा इकडचा तिकडे झाला तर तो कागद दुसऱ्याच प्राण्याचा ठरतो. आयर्लंड, फिनलंड किंवा माल्टाला कुत्रा नेणार असाल तर पोहोचण्यापूर्वी २४ ते १२० तासांच्या दरम्यान टेपवर्मचं औषध देऊन त्याची नोंद करून घ्या. मांजरांना हे लागत नाही.

ब्रिटनचा क्रमही असाच आहे: चिप, लस, रक्त, तीन महिने. कुत्र्याला टेपवर्मचं औषध तिथेही लागतं, मात्र विमानाने थेट नेताना प्राणी केबिनमध्ये घेता येत नाही, तो कार्गोनेच जातो. अमेरिकेचे नियम १ ऑगस्ट २०२४ पासून बदलले. भारतातून येणारा कुत्रा किमान सहा महिन्यांचा हवा आणि तिथेही लस चिपनंतरचीच धरतात. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा रक्ताचा अहवाल नसेल तर २८ दिवस विलगीकरणात ठेवतात, तेही मालकाच्या खर्चाने. हे सगळं कुत्र्यांपुरतं. मांजरासाठी अमेरिकेचं केंद्र सरकार चिप मागत नाही, पण वाटेत युरोपात थोडे दिवस उतरणार असाल तर तिलाही युरोपचे सगळे नियम लागू होतात.