दाताचा स्क्रू आणि हाडाचे तीन महिने

खालच्या डाव्या बाजूची माझी दाढ काढून चार महिने झाले होते. रूट कॅनाल होऊन वर कॅप बसवलेली ती दाढ एक दिवस उभी तडकली आणि काढण्यावाचून इलाज उरला नाही. इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर नवा दात, करायचं ठरल्यावर ज्याला सांगावं तो एकच विचारायचा, "फार दुखतं का हो?" मलाही तीच धास्ती होती. पण त्या दिवसातलं आज सगळ्यात स्पष्ट आठवतं ते तोंडातलं गार पाणी.

भुलीने ओठ जड झाला. हिरडीला चीर देऊन ती बाजूला केल्याचं कळलंसुद्धा नाही. मग ड्रिल सुरू झालं आणि त्याच्याबरोबर सलाईनची गार धार. दात कोरायच्या मशीनसारखा कर्कश आवाज येईल असं वाटलं होतं, हा मात्र खर्जातला, घरघरता होता. डॉक्टर दोन-तीन सेकंद ड्रिल आत नेत, वर काढत, पुन्हा नेत. आधी बारीक, मग जरा जाड, मग आणखी जाड. मदतनीस ताई सारखं पाणी ओढून घेत होत्या. इतकं पाणी कशाला, असं नंतर विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "हाड भाजू नये म्हणून."

सगळ्या उपचाराची किल्ली या उत्तरात आहे. हाड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लाकडासारखी सुकी, निर्जीव वस्तू येते. प्रत्यक्षात जबड्याच्या हाडात रक्त खेळत असतं, पेशींची ये-जा चालू असते. ड्रिलच्या घर्षणाने तापमान 47 अंश सेल्सिअसवर जाऊन मिनिटभर तिथेच राहिलं, तरी हाडाच्या पेशींना इजा होते. म्हणून दात कोरायचं मशीन मिनिटाला लाखो फेरे घेत असलं, तरी इम्प्लांटचं ड्रिल साधारण हजाराच्या आसपासच फिरवतात. सावकाश, थांबत थांबत आणि भरपूर गार पाण्यात. मेलेल्या हाडात स्क्रू कितीही घट्ट पिळला तरी तो टिकत नाही.

जिवंत हाड धातूला धरून ठेवतं, हे कळलं ते एका सशामुळे. 1952 च्या सुमारास स्वीडनमधल्या लुंड इथे पेर-इंगवार ब्रोनमार्क हे संशोधक हाडातल्या रक्तप्रवाहाचा अभ्यास करत होते. सशाच्या पायाच्या हाडात त्यांनी टायटॅनियमची छोटी खिडकी बसवली होती, तिच्यातून सूक्ष्मदर्शकाने आत डोकावता येई. प्रयोग संपल्यावर ती महागडी खिडकी परत काढायला गेले, तर निघेना. हाड तिला घट्ट चिकटून वाढलं होतं. टायटॅनियमला हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचा, काही नॅनोमीटर जाडीचा थर तयार होतो. शरीर या थराला परकं मानून हाकलायला बघत नाही. हाडाच्या पेशी थेट त्याला लागून नवं हाड रचतात. ब्रोनमार्क यांनी या जोडणीला पुढे नाव दिलं, ऑसिओइंटिग्रेशन.

1965 साली गोथेनबर्गमध्ये त्यांनी यॉस्टा लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. लार्सन यांच्या टाळूत आणि जबड्यात जन्मापासूनच दोष होता. 2006 मध्ये ते वारले, तेव्हाही ते स्क्रू काम देत होते. तरीही दंतवैद्यकाच्या जगाला हे पटायला 1982 ची टोरोंटोची परिषद उजाडावी लागली. शोधाला तीस वर्षं झाली होती तेव्हा.

पुन्हा खुर्चीकडे येते. भोक तयार झालं, मग एका छोट्या बाटलीतून स्क्रू निघाला. साधारण चार मिलिमीटर जाड, दहा मिलिमीटर लांब. रंग राखाडी आणि चकाकी अजिबात नाही. पाटा गुळगुळीत झाला की टाकी लावून खडबडीत करून घेतात ना, तसाच या स्क्रूचा पृष्ठभाग वाळूचा मारा करून आणि आम्लात बुडवून मुद्दाम खडबडीत करतात, म्हणजे हाडाला धरायला जागा मिळते. तो आत पिळताना डॉक्टरांची नजर मशीनच्या पडद्यावर पिळण्याचा जोर दाखवणाऱ्या आकड्याकडे होती. 35 न्यूटन-सेंटिमीटरच्या आसपास ते थांबले. त्याहून फार सैल असेल तर स्क्रू हलतो, फार आवळला तर भोवतीच्या हाडावर दाब येऊन ते झिजतं. वर झाकण, दोन टाके, तोंडात कापसाचा बोळा. एकूण पाऊण तास.

दुखण्याचं म्हणाल तर दाढ काढताना जास्त त्रास झाला होता. भूल उतरल्यावर ठणका लागला, तो साध्या गोळीने बसला. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, हे आधीच माहीत असलेलं बरं. नाहीतर "काल बरं होतं, आज गाल फुगला" म्हणून घाबरायला होतं. पहिले चोवीस तास खळखळून चूळ भरायची नाही, गरम काही घ्यायचं नाही. मऊ भात, पेज, गार दही. एक गोष्ट मात्र अंगावर काढू नका. भूल उतरायची वेळ होऊन गेली तरी खालचा ओठ किंवा हनुवटी बधीरच राहिली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. खालच्या जबड्यातून संवेदनेची एक मोठी नस जाते. तिच्यापासून स्क्रू दोन मिलिमीटर तरी लांब राहावा म्हणूनच आधी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे स्कॅन, काढतात. वरच्या दाढांच्या डोक्यावर सायनसची पोकळी असते, तिथेही हाच हिशेब.

आता त्या तीन महिन्यांबद्दल. माझ्या मते लोकांना सर्वांत कमी सांगितलं जातं ते याच्याविषयी.

स्क्रू बसतो त्या दिवशी तो घट्ट असतो, पण फक्त आट्यांच्या पकडीने, भिंतीतल्या स्क्रूसारखा. मग शरीर कामाला लागतं. ड्रिलने दुखावलेलं हाड हाड खाणाऱ्या पेशी आधी साफ करतात, आणि त्यांच्यामागून हाड बांधणाऱ्या पेशी नवं हाड रचत येतात. जुनी पकड सुटत चाललेली आणि नवी अजून पुरती आलेली नाही, अशी अवस्था साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात येते. स्क्रू सर्वांत नाजूक असतो तो तेव्हा. आणि नेमकी तेव्हाच सूज गेलेली असते, टाके निघालेले असतात, माणसाला वाटतं झालं सगळं, आता चकली खायला हरकत नाही. या काळात स्क्रू मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या भागाइतका जरी वरचेवर हलत राहिला, तरी त्याच्याभोवती हाडाऐवजी मऊ तंतूंचा थर तयार होतो. मग तो कधीच पक्का होत नाही, काढावाच लागतो. मला हे डॉक्टरांनी कागदावर आलेख काढून समजावलं, म्हणून मी दोन महिने त्या बाजूने चावलं नाही.

खालच्या जबड्याचं हाड दाट, तिथे साधारण तीन महिने लागतात. वरचं हाड भुसभुशीत, म्हणून तिथे जास्त. काही निवडक रुग्णांना लगेच दात बसवून देतात, पण त्यासाठी हाड तसं भक्कम लागतं.

या बांधकामाला रक्त लागतं, आणि तंबाखू नेमकं तेच तोडते. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. बिडी-सिगारेट सगळ्यांना आठवते, पण आपल्याकडे कित्येक बायका रोज मिशरी लावतात आणि तिला व्यसनात धरतच नाहीत. डॉक्टरांनी "तंबाखू खाता का?" विचारलं की "नाही" म्हणतात. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, ती सांगायलाच हवी. सुपारी, मावा, गुटख्याने तोंडाची आतली कातडी आखडते आणि तोंड उघडेनासं होतं. आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जात नसतील, तर मागच्या दाढेच्या जागी ड्रिल पोचायलाच अडचण येते. आणि आधी त्या आखडण्यावर उपचार हवा, इम्प्लांट नंतर. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची साखर तपासून आटोक्यात आणावी लागते. हाडं ठिसूळ झाली म्हणून गोळ्या किंवा वर्षातून एकदा सलाईनमधून औषध घेत असाल, तर तेही आठवणीने सांगा, कारण त्या औषधांनी जबड्याचं हाड भरून येण्यात अडथळा येऊ शकतो.

दात काढून वर्षानुवर्षं तसंच राहणंही महागात पडतं. दात गेला की त्याच्याभोवतीचं हाड शरीर परत घेऊ लागतं. वर्षभरात रुंदी जवळपास निम्मी होते, त्यातलीही बरीच पहिल्या तीन महिन्यांत. मग हाडाची भर घालावी लागते, खर्च आणि वेळ दोन्ही वाढतात. खर्चाचा आकडा विचाराल तेव्हा स्कॅन, हाडाची भर आणि वरची कॅप त्यात धरली आहे का, हेही विचारून घ्या. स्क्रूच्या बाटलीवर कंपनी, माप आणि बॅच लिहिलेला स्टिकर असतो, तो मागून घेऊन फाइलला चिकटवा. दहा वर्षांनी गाव बदललं आणि कॅप सैल झाली, तर नव्या डॉक्टरांना त्याच कंपनीचा पाना लागतो. स्टिकर नसेल तर अंदाजाने शोधत बसावं लागतं.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी झाकण काढलं आणि आरशाच्या दांडीने स्क्रूवर हलकेच टकटक केली. टण् असा स्वच्छ आवाज आला. शेजारच्या दातावर केलं तर बद्द. खऱ्या दाताच्या मुळाभोवती तंतूंची पातळ गादी असते, तिच्यामुळे तो किंचित दबतो. स्क्रूला ती गादी नाही, तो थेट हाडात रुतलेला. जेवताना हा फरक कळतो. भाकरीतली बारीक कच शेजारची दाढ लगेच पकडते, नवीला उशिरा समजते. त्यामुळे नकळत जोर जास्त पडतो, म्हणून कॅपची उंची कार्बनचा कागद चावायला लावून पुन्हा पुन्हा घासून जुळवतात. घाई असली तरी हे काम निवांत करून घ्यावं.

इम्प्लांटला कीड लागत नाही, हे खरं. पण भोवतालच्या हिरडीत जंतू साचले तर हाड खाली खाली जातं, आणि बऱ्याचदा दुखत नाही. ब्रश करताना तिथून रक्त आलं तर ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. दातांच्या फटीत घालायचा छोटा ब्रश मी आता रोज रात्री वापरते.

पहिल्या वर्षात हाड थोडं उतरतं, पुढे वर्षाला 0.2 मिलिमीटरपेक्षा जास्त उतरू नये असा दंडक आहे. परवा डॉक्टरांनी कॅप बसवली तेव्हाचा एक्स-रे आणि वर्षानंतरचा, दोन्ही शेजारी शेजारी लावून दाखवले. हाडाची पांढरी कड दोन्हींत सर्वांत वरच्या आट्याला टेकलेली होती. पुढचा एक्स-रे दिवाळीनंतर.