जर्मनीत नर्स म्हणून काम करायचं आहे? मान्यता, भाषा, कागदपत्रं आणि व्हिसाची माहिती

जर्मनीतल्या हॉस्पिटलमध्ये नोकरीचं पत्र मिळालं म्हणजे नर्स म्हणून काम सुरू करता येतं, असा समज अजून बऱ्याच जणांचा आहे. तो चुकीचा आहे. तिथे नर्सिंग हा कायद्याने संरक्षित व्यवसाय आहे. परदेशी पदवीला सरकारी मान्यता मिळाल्याशिवाय आणि त्यानंतर व्यवसाय परवाना हातात आल्याशिवाय कुठलंही हॉस्पिटल तुम्हाला नर्सच्या पदावर घेऊ शकत नाही. या मान्यतेला तिथे 'आनएर्केनुंग' म्हणतात आणि शेवटी मिळणाऱ्या परवान्याला 'उरकुंडे'. पुढची सगळी धावपळ या दोन कागदांसाठीच आहे.

ही माहिती जीएनएम, बीएससी किंवा पोस्ट बेसिक नर्सिंग झालेल्यांसाठी आहे. डॉक्टरांची वाट वेगळी आहे: त्यांना 'अप्रोबात्सिओन' (डॉक्टरकीचा परवाना) घ्यावी लागते आणि वैद्यकीय भाषेची सी1 पातळीवरची (भाषेच्या ए1, ए2, बी1, बी2, सी1, सी2 अशा चढत्या सहा पातळ्या असतात) स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते.

चार अटी

1 जानेवारी 2020 पासून जर्मनीत नवीन नर्सिंग कायदा लागू झाला. हॉस्पिटल नर्सिंग, बालरुग्ण नर्सिंग आणि वृद्धांची शुश्रूषा असे तीन वेगवेगळे अभ्यासक्रम एकत्र करून एकच तीन वर्षांचं प्रशिक्षण तयार झालं. ते घेतलेल्या नर्सला 'फ्लेगेफाखफ्राउ' किंवा 'फ्लेगेफाखमान' म्हणतात. परदेशी नर्सला हेच पदनाम मिळवायचं असतं. त्यासाठी शिक्षण तिथल्या प्रशिक्षणाच्या तोडीचं असावं लागतं, गुन्हेगारी पार्श्वभूमी नसावी लागते, कामासाठी आरोग्य ठीक असावं लागतं आणि पुरेशी जर्मन भाषा यावी लागते. मधल्या दोन अटी पोलीस क्लिअरन्स आणि डॉक्टरांच्या प्रमाणपत्राने भागतात. खरा कस पहिल्या आणि शेवटच्या अटीत लागतो.

भाषा

उरकुंडेसाठी बी2 पातळी लागते. काही राज्यं त्याच पातळीवरची नर्सिंगची विशेष भाषा परीक्षाही मागतात. जर्मन शिकवणाऱ्या आणि परीक्षा घेणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटच्या अंदाजाप्रमाणे शून्यापासून बी2 पर्यंत पोहोचायला 45 मिनिटांच्या 600 ते 800 तासिका लागतात. ड्युटी सांभाळून शिकणाऱ्याला याला वर्ष-दीड वर्ष सहज लागतं. 'सहा महिन्यांत बी2' ही जाहिरात दिसली तर आधी आपली नाइट ड्युटी मोजा, मग फी भरा.

गोएथेची बी2 परीक्षा चार भागांत असते: वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण. प्रत्येक भागात 100 पैकी 60 गुण लागतात, आणि एखादा भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. मुंबई आणि पुण्याच्या मॅक्समुल्लर भवनात, म्हणजे गोएथेच्या इथल्या केंद्रांत, ही परीक्षा होते. टेल्क आणि ओएसडी या संस्थांची प्रमाणपत्रंही सर्वसाधारणपणे चालतात, पण ज्या राज्यात अर्ज करणार तिथल्या कार्यालयाची यादी परीक्षेचे पैसे भरण्याआधी पाहा. फार जुनं प्रमाणपत्र काही कार्यालयं घेत नाहीत.

मान्यतेची उरलेली प्रक्रिया जर्मनीत जाऊन पूर्ण करायची असेल तर व्हिसासाठी साधारणपणे बी1 धरली जाते. मार्च 2024 पासून 'मान्यता भागीदारी' नावाचा मार्गही खुला झाला आहे. त्यात ए2 वर जाता येतं आणि मान्यतेचा अर्ज तिथे पोहोचल्यावर करता येतो. कायद्याने ही सोय आहे, तरी नर्सिंगसाठी मी ती सुचवणार नाही. ए2 वर माणूस दुकानात बोलू शकतो. पण ड्युटी बदलताना पंधरा रुग्णांची माहिती ऐकून घेणं, फोनवर डॉक्टरांचा आदेश समजणं, वेदनेने कळवळणाऱ्या म्हाताऱ्या बाईचं अडखळतं बोलणं पकडणं हे त्या पातळीवर होत नाही. त्यात रुग्णाचा जीव धोक्यात येतो आणि नर्सचा आत्मविश्वासही खचतो.

अर्ज कुठे करायचा

जर्मनीत 16 राज्यं आहेत आणि मान्यता राज्याचं कार्यालय देतं. बर्लिनमध्ये हे काम 'लागेझो' पाहतं, नॉर्थ राइन-वेस्टफालियामध्ये म्युन्स्टरचं जिल्हा शासन, बव्हेरियात राज्याचं नर्सिंग कार्यालय. ज्या राज्यात नोकरी करणार, तिथेच अर्ज करायचा असतो. म्हणून बहुतेक कार्यालयं त्या राज्यात काम करण्याच्या इराद्याचा पुरावा मागतात. हॉस्पिटलचं नोकरीचं पत्र असेल तर प्रश्न मिटतो. एकाच वेळी दोन-तीन राज्यांत अर्ज टाकू नका. याआधी दुसरीकडे अर्ज केला आहे का, हे फॉर्ममध्येच विचारलेलं असतं.

कुठलं कार्यालय आपलं, हे 'आनएर्केनुंग इन डॉइचलांड' या सरकारी संकेतस्थळावर व्यवसाय आणि शहर टाकून कळतं. शिवाय बॉनमध्ये 2020 पासून एक केंद्रीय सल्ला कार्यालय आहे, नाव 'झेडएसबीए'. परदेशात राहणाऱ्या अर्जदारांना ते मोफत मार्गदर्शन करतं आणि कागदपत्रं पूर्ण आहेत का ते तपासायलाही मदत करतं. एजंट ज्या माहितीचे पैसे घेतात तीच माहिती इथे फुकट मिळते, आणि आपल्याकडे फार कमी जणांना हे ठाऊक असतं.

कागदपत्रं: तासांचा तक्ता सगळ्यात महत्त्वाचा

पासपोर्ट, जर्मन भाषेतला सही केलेला तक्त्याच्या स्वरूपातला बायोडेटा, पदवी किंवा डिप्लोमा, गुणपत्रिका, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, कौन्सिलचं गुड स्टँडिंग प्रमाणपत्र, अनुभवाची पत्रं, पोलीस क्लिअरन्स, डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि भाषेचं प्रमाणपत्र हा नेहमीचा संच. डॉक्टरांचं आणि पोलिसांचं प्रमाणपत्र ताजं असावं लागतं, बहुतेक ठिकाणी तीन महिन्यांच्या आतलं. म्हणून ती दोन्ही शेवटी काढा.

पण तुमचा निकाल ठरतो तो अभ्यासक्रमाच्या तासांच्या तक्त्यावर. जर्मन प्रशिक्षणात 2,100 तास थिअरी आणि 2,500 तास प्रत्यक्ष काम असतं. तिथला अधिकारी तुमचा अभ्यासक्रम त्याच्या शेजारी ठेवून विषयवार तुलना करतो. 'मेडिकल-सर्जिकल नर्सिंग: 72 गुण' एवढंच लिहिलेली गुणपत्रिका त्याच्या उपयोगाची नाही. त्याला हवं असतं ते हे: कुठल्या वर्षी, कुठल्या विषयाची थिअरी किती तास, आणि मेडिसिन, सर्जरी, बालरोग, प्रसूती, मानसोपचार, कम्युनिटी अशा प्रत्येक विभागात प्रत्यक्ष ड्युटी किती तास. कॉलेजकडे असा तक्ता मागा. तो कॉलेजच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह हवा. बीएससी झालेल्यांनी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं ट्रान्सक्रिप्टही जोडावं. जे तास कागदावर नाहीत ते तुम्ही केलेच नाहीत असं धरलं जातं. कॉलेज बंद पडण्याआधी, प्राचार्य बदलण्याआधी, भाषेचा क्लास लावला त्याच आठवड्यात हे काम हातात घ्या.

अनुभवाच्या पत्रांचंही तसंच आहे. अभ्यासक्रमात जी उणीव निघते ती प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाने भरून निघू शकते, अशी कायद्यातच तरतूद आहे. पण 'सदर सिस्टरनी आमच्याकडे समाधानकारक काम केले' या एका ओळीतून काहीच सिद्ध होत नाही. पत्रात वॉर्डाचं नाव, तारखा, आठवड्याचे तास आणि कामाचं वर्णन हवं. आयसीयूमध्ये व्हेंटिलेटरवरचे रुग्ण सांभाळले असतील तर ते तसंच लिहून घ्या.

सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, हे पाहा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र लागतं. इंग्रजी कागदपत्रांचंही बहुतेक राज्यांत जर्मन भाषांतर करावं लागतं, तेही शपथबद्ध भाषांतरकाराकडून. काही राज्यांना जर्मनीत शपथ घेतलेलाच भाषांतरकार चालतो. मूळ कागद कधीही टपालाने पाठवू नका, आणि एजंटच्या कपाटात तर अजिबात ठेवू नका. मागितली जाते ती प्रमाणित प्रत.

निकाल आणि त्यानंतर

कागदपत्रं पूर्ण झाल्यावर साधारण तीन ते चार महिन्यांत निर्णय अपेक्षित असतो. घाई असेल तर जर्मनीतला मालक तुमच्या मुखत्यारपत्रावर तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात जलद प्रक्रिया सुरू करू शकतो. त्याची फी 411 युरो आहे. त्यात मान्यतेचा निर्णय दोन महिन्यांत आणि व्हिसाची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांत मिळणं अपेक्षित असतं. कागद अपुरे असले तर मात्र कुठलीच मुदत लागू होत नाही.

भारतीय नर्सच्या हाती बहुतेक वेळा येतो तो 'डेफिझिटबेशाइड', म्हणजे कुठे काय कमी पडतंय ते सांगणारा निर्णय. हा नकार नाही. हे पत्र वाचून कितीतरी हुशार मुली रडतात आणि विषय सोडून देतात, म्हणून पुन्हा सांगते: हा नकार नाही, याच पत्रावर व्हिसा मिळतो. पत्रात वृद्धांची दीर्घकालीन शुश्रूषा, घरी जाऊन केलेली सेवा, कधी मानसोपचार अशा विभागांतले तास कमी असल्याचं लिहिलेलं असतं.

ते भरून काढायला दोन पर्याय असतात आणि निवड तुमची असते. एक म्हणजे 'आनपासुंग्सलेअरगांग': हॉस्पिटलमध्ये राहून कमी पडलेल्या विभागांत प्रशिक्षण घ्यायचं आणि शेवटी त्यावर एक चर्चा द्यायची. दुसरा 'केन्टनिसप्रूफुंग', म्हणजे ज्ञानाची परीक्षा. तिचा तोंडी भाग 45 ते 60 मिनिटांचा असतो, आणि प्रात्यक्षिकात खऱ्या रुग्णांची शुश्रूषा योजून, करून दाखवून, का केली ते समजावून सांगावं लागतं. नापास झालेला भाग एकदा पुन्हा देता येतो. 2024 पासून तासांची तुलना सोडून थेट या दोनपैकी एका मार्गाने जाण्याचीही मुभा आहे. तासांचा तक्ता मिळणं अशक्यच असेल त्यांना तिचा उपयोग होईल.

माझं मत प्रशिक्षणाच्या बाजूने आहे. वेळ जास्त लागतो, पण तिथलं नर्सिंग समजतं. आपल्याकडे रुग्णाला अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं हे पुष्कळदा नातेवाईक किंवा मावशी करतात. तिथे ते प्रशिक्षित नर्सचं काम आहे. रुग्णाची शुश्रूषेची गरज ठरवणं आणि तिचं नियोजन करणं हा तर कायद्याने फक्त तिलाच दिलेला अधिकार आहे. इंजेक्शन-सलाईनमध्ये तरबेज असलेल्या आपल्या सिस्टरला सुरुवातीला हे खाली उतरल्यासारखं वाटतं. ही अपेक्षा आधीच माहीत असली तर पहिले महिने सुसह्य होतात.

व्हिसा

जानेवारी 2025 पासून अर्ज जर्मन सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर भरता येतो, मग बोटांचे ठसे आणि मूळ कागदांसाठी प्रत्यक्ष जावं लागतं. फी 75 युरो. नोकरीचा करार, मालकाने भरलेला नोकरीचा तपशील, डेफिझिटबेशाइड, प्रशिक्षणाचा किंवा परीक्षेच्या तयारीचा आराखडा आणि भाषेचं प्रमाणपत्र जोडा. मान्यतेसाठीचा हा निवास परवाना 24 महिन्यांपर्यंत मिळतो आणि जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंत वाढवता येतो. पूर्ण मान्यता घेऊन जाणाऱ्यांना थेट कुशल कामगाराचा व्हिसा मिळतो. पण वय 45 च्या पुढे असेल तर ठराविक पगाराची किंवा वृद्धापकाळाच्या तरतुदीची अट लागते. गोवराच्या लसीचा पुरावा सोबत न्या, 1970 नंतर जन्मलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना तो कायद्याने द्यावा लागतो.

पैसे मागणारे आणि करार

परदेशी नर्सच्या न्याय्य भरतीसाठी जर्मन सरकारचं 'फेअर आनवेर्बुंग फ्लेगे डॉइचलांड' हे मानचिन्ह आहे. ते असलेल्या संस्थेला भरतीचा खर्च नर्सकडून घेता येत नाही, तो मालकाने करायचा असतो. 'ट्रिपल विन' ही नर्स भरतीची जर्मन सरकारी योजनाही अशीच, केरळ सरकारच्या नोर्का रूट्स या संस्थेने तिच्यासाठी 2021 मध्ये करार केला. भारतात परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटला परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना लागतो आणि त्याला जास्तीत जास्त 30,000 रुपये अधिक जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. परवानाधारकांची नावं ई-मायग्रेट पोर्टलवर असतात. लाखांत पैसे मागणाऱ्याला परवाना क्रमांक विचारा.

करारात परतफेडीचं कलम शोधा. भाषेच्या क्लासचा खर्च मालकाने केला असेल तर ठराविक काळाआधी नोकरी सोडल्यास तो परत मागितला जातो. रक्कम किती, मुदत किती आणि दर महिन्याला ती कमी होत जाते का, हे लेखी हवं. मान्यता मिळेपर्यंत तुम्ही मदतनीस पदावर असता आणि पगारही त्याच पदाचा असतो. अंदाजासाठी, वृद्धाश्रम आणि शुश्रूषा केंद्रांमध्ये जुलै 2025 पासूनचं किमान वेतन अप्रशिक्षित मदतनिसाला तासाला 16.10 युरो आणि मान्यताप्राप्त नर्सला 20.50 युरो आहे. हॉस्पिटलचे पगार बहुतेक सामूहिक वेतन करारावर ठरतात.

पोहोचल्यावर दोन आठवड्यांत घराचा पत्ता नोंदवा, त्यासाठी घरमालकाचं पत्र लागतं. आणि उरकुंडे हातात आली की त्याच आठवड्यात दोन ठिकाणी तिची प्रत द्या. एक हॉस्पिटलच्या कार्मिक विभागात, नर्सच्या पदाचा आणि पगाराचा बदल त्या तारखेपासून लेखी करून घेण्यासाठी. दुसरी परदेशी नागरिक कार्यालयात, निवास परवाना कुशल कामगाराचा करून घेण्यासाठी. कायमस्वरूपी निवासासाठी लागणारी तीन वर्षं या नव्या परवान्यापासून मोजली जातात, त्यामुळे इथे उशिरात घालवलेला प्रत्येक महिना पुढे आपल्यालाच महागात पडतो.