गुरूभोवतीची जांभळी कड

दुर्बिणीला मोबाइल लावून काढलेले गुरूचे व्हिडिओ हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. काहींत ग्रहाभोवती जांभळी कड दिसते आणि खाली कोणीतरी लिहितं, हे गुरूचं तेजोवलय. पुष्कराज विकणाऱ्यांना असं वलय हवंच असतं. पण तोच गुरू आरशाच्या दुर्बिणीतून पाहिला की ही कड दिसत नाही. ती ग्रहाची नाही, भिंगाची आहे.

काच निळ्या किरणाला लाल किरणापेक्षा जास्त वाकवते. शाळेत लोलकातून पाहिलेलं तेच हे अपस्करण. साध्या क्राउन काचेचं, १००० मिलिमीटर नाभीय अंतराचं एकच भिंग घेतलं, तर निळ्याची नाभी लालच्या सुमारे १५ मिलिमीटर अलीकडे पडते. १७५८ साली लंडनच्या जॉन डॉलंडने क्राउनच्या बहिर्गोल भिंगाला फ्लिंट काचेचं अंतर्गोल भिंग जोडण्याचं पेटंट घेतलं. चेस्टर मूर हॉल या इंग्रज वकिलाने अशी जोडी त्याच्या कितीतरी आधी करवून घेतली होती. फ्लिंट काच रंग जास्त फाकवते, त्यामुळे तिचं सौम्य अंतर्गोल भिंगही क्राउनने फाकवलेले रंग पुन्हा जुळवतं. लाल आणि निळा एका जागी येतात.

तरी थोडं उरतंच. दोन्ही काचा वर्णपट सारख्या प्रमाणात पसरवत नाहीत. निळ्या टोकाला फ्लिंटचा पसारा जास्त असतो. म्हणून हिरवा आधी जुळतो, लाल-निळा त्याच्या साधारण अर्धा मिलिमीटर मागे आणि जांभळा आणखी मागे. अर्धा मिलिमीटर क्षुल्लक वाटेल, पण याच नाभीय अंतराच्या, १०० मिलिमीटर व्यासाच्या दुर्बिणीत चित्र धारदार राहायला नाभीच्या पुढेमागे ०.११ मिलिमीटरच मुभा असते. आपण फोकस करतो तो हिरव्या-पिवळ्यावर, कारण डोळ्याला तेच रंग सर्वांत तेजस्वी दिसतात. जांभळा मग पसरून कड बनतो.

ही चूक पुढच्या भिंगाला हात न लावता मागून काढता येते, आणि प्रकाशशास्त्रातली ही युक्ती मला फार सुंदर वाटते. करेक्टर म्हणजे नेत्रिकेच्या (डोळ्याजवळच्या भिंगाच्या) आधी, फोकस करण्यासाठी पुढेमागे सरकणाऱ्या नळीत बसणारा दोन-तीन भिंगांचा छोटा संच. त्याच्या काचा अशा निवडतात की हिरव्या किरणाला तो जवळजवळ सपाट काचेसारखा असतो आणि निळ्याला किंचित बहिर्गोल. किंचित म्हणजे किती? नाभीच्या अलीकडे ठेवलेलं क्षीण भिंग नाभीला जितकं पुढे ओढतं, ते अंतर असं निघतं: भिंगापासून नाभीपर्यंतच्या अंतराचा वर्ग, भागिले भिंगाचं नाभीय अंतर. करेक्टर नाभीपासून २०० मिलिमीटरवर असेल तर अर्ध्या मिलिमीटरसाठी निळ्याला ८० मीटर नाभीय अंतराचं भिंग पुरतं! शिवाय तिथे प्रकाशाचा शंकू फक्त २० मिलिमीटर रुंद असतो, म्हणजे काचही लहान. रंग फार कमी फाकवणाऱ्या फ्लोराइट स्फटिकाचं १०० मिलिमीटर भिंग घडवण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

पण सूत्रात वर्ग आहे हे विसरू नका. करेक्टर १०० मिलिमीटरवर सरकवला की दुरुस्ती पावपट होते, त्यामुळे त्याची जागा काटेकोर लावावी लागते. निळ्या रंगातलं गोलीय विपथनही (भिंगाच्या कडेचे आणि मधले किरण एका जागी न जुळण्याचा दोष) त्याने पुढच्या मोठ्या भिंगाच्या उलट द्यायला हवं, म्हणून एका दुर्बिणीचा करेक्टर दुसरीला सरसकट चालत नाही. तो अक्षापासून किंचित सरकला तरी तारा एका बाजूला रंगीत होतो. 'कुठल्याही दुर्बिणीला लावा' अशी जाहिरात दिसली तर पैसे खिशातच ठेवा. पिवळा फिल्टर स्वस्त आहे, पण तो जांभळा प्रकाश जुळवत नाही, फेकून देतो, आणि चंद्र पिवळट दिसतो.

आपल्या गोव्यात आणखी एक घोटाळा होतो. मिरामारला समुद्रावर खाली आलेला शुक्र पाहिला तर एका कडेला लाल आणि समोरच्या कडेला निळा दिसतो. हे वातावरणाने केलेलं अपस्करण आहे. त्याला दोन पातळ लोलकांचं वेगळं उपकरण लागतं, हा करेक्टर तिथे निरुपयोगी. म्हणून भिंगाची परीक्षा ग्रह उंच असतानाच घ्यावी. आपला अक्षांश सुमारे १५ अंश असल्यामुळे गुरू वृषभ किंवा मिथुन राशीत असतो तेव्हा तो जवळजवळ डोक्यावरून जातो. त्या वेळीही सगळीकडून सारखी जांभळी कड दिसली, तर दोष भिंगाचा.