‘एवढे वर्ष राहू द्या’: 31 डिसेंबरच्या भक्तीमागचा इतिहास

माझ्या आजीच्या बायबलमध्ये स्तोत्र 90 च्या पानावर चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा असायचा. बोटभर लांबीच्या, दुमडून दुमडून मऊ पडलेल्या. प्रत्येकीवर एक वचन आणि मागे पेन्सिलीनं वर्ष. कोल्हापुरात आमच्या चर्चमध्ये 31 डिसेंबरच्या रात्रीची भक्ती, म्हणजे उपासना, संपत आली की चिठ्ठ्यांचं ताट फिरतं आणि प्रत्येक जण एक उचलतो. ते वचन वर्षभर आपलं. लहानपणी मला वाटायचं की ही आमच्याच मंडळीची पद्धत आहे. तिची मुळं किती लांब गेली आहेत ते पुष्कळ उशिरा कळलं.

ती जर्मनीतल्या हेर्नहुट या छोट्या गावात सापडतात. छळामुळे मोराविया (आजच्या चेक देशातला भाग) सोडून आलेल्या विश्वासणाऱ्यांना तिथले सरदार काउंट झिंझेनडॉर्फ यांनी आपल्या जमिनीवर आसरा दिला होता. 3 मे 1728 रोजी संध्याकाळच्या भक्तीत झिंझेनडॉर्फ यांनी मंडळीला दुसऱ्या दिवसासाठी एक वचन दिलं. मग रोज सकाळी घरोघरी जाऊन त्या दिवसाचं वचन सांगायची रीत पडली. 1731 साठी वर्षभराच्या वचनांचं पुस्तकच छापलं गेलं. ते आजही दरवर्षी निघतं, आणि त्यातली जुन्या करारातली वचनं अजूनही चिठ्ठी टाकूनच निवडतात. वचन आपण आपल्या सोयीनं निवडायचं नाही, हा त्यामागचा विचार. याच लोकांनी 1733 च्या वर्षअखेरीला रात्र जागून प्रार्थना केली, आणि ‘वॉच नाइट’ची सुरुवात साधारण तिथून धरतात.

इंग्लंडमध्ये मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी ही जागरणं उचलली. ब्रिस्टलजवळच्या किंग्जवूडचे कोळसा खाणकामगार पूर्वी शनिवारची रात्र दारूच्या गुत्त्यात काढायचे. विश्वासात आल्यावर तेच लोक रात्रभर प्रार्थनेला बसू लागले. वेस्ली यांना लोकांनी सावध केलं, हे बंद करा म्हणून. त्यांनी बंद केलं नाही, उलट पौर्णिमेच्या जवळचा शुक्रवार ठरवून दिला, कारण घरी परतताना वाटेवर उजेड हवा. मला ही गोष्ट फार आवडते. आत्मिक गोष्टींची काळजी घेणाऱ्या माणसानं अंधारातल्या वाटेचीही काळजी घेतली.

वेस्ली यांनी आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे कराराची उपासना. 11 ऑगस्ट 1755 रोजी लंडनमध्ये सुमारे 1,800 माणसं उभी राहिली आणि त्यांनी देवाशी केलेला करार नव्यानं मान्य केला. ‘मी आता माझा नाही, तुझा आहे, कामाला लाव किंवा बाजूला ठेव’ असा त्या प्रार्थनेचा गाभा. नववर्षाशी तिचा संबंध नंतर जुळला.

कोल्हापूरकडे येताना मात्र वळण वेगळं आहे. इथं मिशनचं काम सुरू केलं ते रॉयल वाइल्डर आणि त्यांच्या पत्नी एलायझा या अमेरिकन दांपत्यानं, 1852 मध्ये, आधी अहमदनगरला काम केल्यावर. 1870 मध्ये प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळीनं ते काम आपल्याकडे घेतलं. वाइल्डर यांचं नाव शहरातल्या वाइल्डर मेमोरियल चर्चमध्ये आजही आहे. प्रेस्बिटेरियन लोकांना सणवार पाळण्याची फारशी हौस नव्हती. त्यांचा भर होता आत्मपरीक्षेवर. प्रभुभोजनाला येण्याआधी ‘माणसाने आत्मपरीक्षा करावी’ हे पौलाचं सांगणं ते अक्षरशः पाळत. म्हणून आमच्याकडे वर्षअखेरीला जागरणापेक्षा हिशेब मोठा.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातला प्रार्थना सप्ताह तर भारतातूनच जगभर गेला, हे आपल्यातल्याही अनेकांना माहीत नसतं. 1857 च्या धामधुमीनंतर, 1858 मध्ये, लुधियानाच्या प्रेस्बिटेरियन मिशननं जगभरच्या मंडळ्यांना विनंती केली की जानेवारी 1860 मध्ये एक आठवडा सर्वांनी मिळून प्रार्थनेला द्यावा. पुढे तो दरवर्षीचा झाला.

याला मराठी सूर मिळाला तो भजनानं. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी आग्रह धरला की मराठी माणसानं ख्रिस्ताला आपल्या छंदात, आपल्या टाळावर आळवावं. बाजाची पेटी, तबला आणि त्यांचे अभंग नसते, तर रात्री साडेअकराला डोळे पेंगत असताना आमची मंडळी जागी राहिली असती का, याची मला शंकाच आहे.

आणि मग साक्ष. एकेक जण उठतो आणि वर्ष कसं गेलं ते सगळ्यांसमोर सांगतो. आजारपण, नोकरी, पोराचं लग्न, आणि कधी कधी, फार क्वचित, ‘मी चुकलो.’ या सगळ्या इतिहासातून मला दिसतं ते हे की आत्मिक वाढ एकट्यानं आरशात बघून मोजायची, असं या परंपरेत कधी नव्हतंच. हेर्नहुटमध्ये दारावर कोणी तरी वचन घेऊन यायचं, लंडनमध्ये माणसं एकत्र उभी राहिली, इथं शेजारी बसलेला ऐकतो. नववर्षाचे संकल्प त्यामानानं फार एकाकी वाटतात.

या रात्री लूक 13 मधला अंजिराच्या झाडाचा दाखला पुष्कळदा वाचतात. तीन वर्षं फळ नाही, मालक म्हणतो तोडून टाक, माळी म्हणतो एवढे वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. एका वर्षी आमच्या पाळकांनी तो उसाच्या खोडव्यावरून समजावला होता. बाहेर रस्त्यावर उसानं भरलेले ट्रॅक्टर कारखान्याकडे चालले होते. ते म्हणाले, ऊस तुटून गेला की रान उघडं पडतं, बघणाऱ्याला वाटतं संपलं. शेतकरी काय करतो? बुडखे जमिनीलगत छाटतो, बगला फोडतो, खत देतो, पाणी देतो, आणि त्याच मुळांतून फुटवे येतात. पुढच्या बाकावरचे करवीर तालुक्यातले दोन शेतकरी मान हलवत होते. एकानं नंतर बाहेर येऊन विचारलं, ‘पाळकसाहेब, पाचट जाळायचं का ठेवायचं ते नाही सांगितलं.’ ‘ठेवा, ठेवा,’ पाळक म्हणाले, ‘त्याचंच खत होतं.’

आजी गेल्यावर तो गठ्ठा माझ्याकडे आला. तेव्हा दिसलं की काही चिठ्ठ्यांच्या मागे वर्षाखाली एखादी ओळही आहे. 1972 च्या चिठ्ठीमागे ‘विहीर आटली, भाकरी पुरली.’ एकीवर ‘रागावर ताबा नाही. पुन्हा तेच.’ एका वर्षी नुसतं ‘थोरल्या जावेशी बोलत नाही.’ त्याच्या पुढच्या वर्षीची चिठ्ठी मी शोधून काढली. वचन पुसट झालंय, वाचता येत नाही. मागची पेन्सिल मात्र स्पष्ट आहे: ‘जावेकडे गेले. चहा घेतला.’