अ‍ॅटनबरो एकाचे, स्मिथ अनेकांचे

निसर्गपटांमुळे जगभर ओळखले जाणारे डेव्हिड अ‍ॅटनबरो आणि महात्मा गांधींवरील चित्रपटाचे दिग्दर्शक रिचर्ड अ‍ॅटनबरो हे सख्खे भाऊ. त्यांचे वडील फ्रेडरिक १९३२ ते १९५१ या काळात लेस्टरच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्राचार्य होते. पुढे याच संस्थेचे विद्यापीठ झाले आणि तेथील टुरी किंग व मार्क जॉबलिंग या जनुकशास्त्रज्ञांनी इंग्रजी आडनावांचा जो अभ्यास केला, त्यात सर्वांत ठळक उदाहरण ठरले ते नेमके अ‍ॅटनबरो या आडनावाचे.

इंग्लंडमध्ये १०६६च्या नॉर्मन विजयानंतरच्या काही शतकांत आडनावे वंशपरंपरागत झाली आणि बापाकडून मुलाकडे जाऊ लागली. वाय गुणसूत्रही केवळ बापाकडून मुलाकडेच जाते आणि पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ जसेच्या तसे राहते. त्यातील काही छोट्या, पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्यांची संख्या तेवढी क्वचित एखाद्याने वाढते किंवा घटते. म्हणून दोन अनोळखी आडनावबंधूंचे वाय गुणसूत्र जुळले, तर त्यांचा मूळपुरुष एकच असण्याची शक्यता बळावते.

किंग आणि जॉबलिंग यांनी २००९ मध्ये ४० आडनावांच्या १,६७८ पुरुषांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. तपासलेल्या अ‍ॅटनबरोंपैकी सुमारे ८७ टक्क्यांचे वाय गुणसूत्र एकाच प्रकारचे निघाले, आणि तो प्रकारही ब्रिटनमध्ये एरवी विरळाच आढळणारा. स्मिथ आडनावाच्या पुरुषांत मात्र रस्त्यावरून कोणतीही माणसे गोळा करावीत तितकीच विविधता होती.

अ‍ॅटनबरो हे नॉटिंगहॅमशायरमधील एक गाव. आपल्या ‘कर’ लावलेल्या आडनावांसारखेच हे गावावरून पडलेले नाव. ते गाव सोडून गेलेल्या एकाहून अधिक माणसांना चिकटले असणे अगदी शक्य आहे. परंतु ज्या घरात फक्त मुलीच झाल्या किंवा मूलच झाले नाही, तेथे आडनावाची ती शाखा संपते. आडनावे अशी किती वेगाने नष्ट होतील, हा प्रश्न फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७३ मध्ये गणितज्ञांपुढे ठेवला होता. हेन्री वॉटसन यांनी तो सोडवण्याची रीत बरोबर शोधली, पण सगळीच आडनावे अखेर लोपतील हे त्यांचे उत्तर चुकले. प्रत्यक्षात बऱ्याच शाखा विझतात आणि निव्वळ योगायोगाने टिकलेली एखादीच फोफावते. उरलेल्या १३ टक्क्यांमागे दुसरे मूळपुरुष असतील, दत्तकविधाने असतील, आईचे आडनाव लावणे असेल किंवा घरात कधीच न बोलले गेलेले पितृत्व असेल. अशा सर्व खंडांचे प्रमाण अभ्यासकांनी दर पिढीला १ ते ४.५ टक्के इतकेच मानले, जे गावगप्पांच्या मानाने बरेच कमी आहे.

स्मिथ म्हणजे धातुकाम करणारा, आणि लोहार तर गावोगावी होते. इंग्लंड व वेल्सचा भूवैज्ञानिक नकाशा १८१५ मध्ये सिद्ध करणारे विल्यम स्मिथ हे खरोखरच गावच्या लोहाराचे पुत्र. डीएनए नेमक्या जागी कापणाऱ्या विकरांसाठी १९७८ मध्ये हॅमिल्टन स्मिथ यांना, तर डीएनएमध्ये हवा तेथे बदल घडवण्याच्या पद्धतीसाठी १९९३ मध्ये मायकेल स्मिथ यांना नोबेल मिळाले. पण त्यांच्या सामायिक आडनावावरून रक्ताच्या नात्याचा काडीचाही अंदाज बांधता येत नाही.

याच गटाने २००६ मध्ये समान आडनावाच्या १५० जोड्या तपासल्या होत्या. त्यांपैकी सुमारे २४ टक्के जोड्यांत समान पूर्वजाची खूण सापडली, आणि आडनाव जितके दुर्मीळ तितके हे प्रमाण वाढत गेले. गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या डीएनएवरून संशयिताचे आडनाव सुचवता येईल, अशी कल्पना तेव्हा पुढे आली. गुन्हेगार स्मिथ असेल, तर तिचा पोलिसांना काही उपयोग नाही.